ऑटोमॅटिक मस्टँगचा मागचा रेशो बदलला: ३.१५ वरून ३.५५ पर्यंतचा अनुभव

ऑटोमॅटिक गाडीला मागचा ॲक्सल रेशो कोणता टाकायचा हे शोधायला बसले तेव्हा जिथं विचारावं तिथं एकच उत्तर, ३.७३ टाक नाहीतर सरळ ४.१० टाक. का टाकायचा हे मात्र कुणी धड सांगत नव्हतं. आता काम होऊन गाडी बरेच मैल पळालीये, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर सगळं क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी या वाटेला गेलं तर एवढं चाचपडावं लागणार नाही.

मी मिशिगनमध्ये राहते, डेट्रॉईटच्या पश्चिमेला. गाडी २०१३ ची मस्टँग जीटी, ५ लिटर व्ही८, कंपनीचा आकडा ४२० हॉर्सपॉवर, आणि ६ गिअरचा ऑटोमॅटिक (फोर्डचा ६आर८०). २०२१ च्या शरद ऋतूत सेकंडहँड घेतली. मॅन्युअल का नाही असं सगळे विचारतात, तर डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबणं जमत नाही, विषय संपला. या मॉडेलला ऑटोमॅटिक घेतलं की कंपनी ३.१५ चा ॲक्सल द्यायची, मॅन्युअलला ३.३१ आणि वर ३.७३ चं ऑप्शन. म्हणजे ऑटोमॅटिकवाल्याला सौम्य रेशो दिलाय असं वाटतं, आणि मलाही सुरुवातीला तेच खुपत होतं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी एका वाक्यात, ३.१५ म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा दांडा) ३.१५ वेळा फिरतो, ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला म्हणजे क्राउनला ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला म्हणजे पिनियनला १३, भागून बघा. आकडा वाढला की गाडी जोरात ओढते पण त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आधी मायलन ड्रॅगवेला (पाव मैलाच्या सरळ शर्यतीची पट्टी) गेले, काही बदलायच्या आधीचा आकडा हातात हवा म्हणून. हे प्रत्येकाने करावं. तिथे टेस्ट अँड ट्यूनच्या रात्री कुणीही आपली रोजची गाडी घेऊन जाऊ शकतं, फक्त टेक इन्स्पेक्शन होतं: लायसन्स, पूर्ण पँट, बंद बूट, सीटबेल्ट, बॅटरी घट्ट बांधलेली, आणि गाडी पाव मैल १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात कापणार असेल तर स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) सर्टिफिकेटचं हेल्मेट. हेल्मेट आधीच घेऊन जा, आणि आतलं स्टिकर किती सालचं आहे तेही बघा, जुनं असेल तर परत पाठवतात. माझी गाडी १३ सेकंदांच्या आसपास, शेवटच्या रेषेवर ताशी १०८ मैलांचा स्पीड. पण मला खरी उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट, रेषा ओलांडताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती आणि इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा ६,४०० च्या जवळ. या इंजिनची ताकद ६,५०० ला सगळ्यात जास्त असते. म्हणजे ज्या ३.१५ ला सगळे नावं ठेवत होते तो रेषेवर इंजिनला बरोबर पाहिजे तिथे आणून ठेवत होता.

त्याच ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो. नवरा आणि मुलगी पण होते. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, बघितली नसेल तर एकदा बघाच. तिथे १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल घेऊन आलेले एक आजोबा भेटले, बॉनेट उघडं ठेवून खुर्ची टाकून बसलेले, टर्बो ४०० गिअरबॉक्स आणि मागे ४.१०. त्यांनी अगदी मनापासून सांगितलं की ऑटोमॅटिकला ४.१० शिवाय मजा नाही. आणि त्यांच्या गाडीपुरतं ते शंभर टक्के खरं आहे. हे कळायला मला घरी येऊन गणित मांडावं लागलं.

टर्बो ४०० ला तीनच गिअर, पहिला २.४८. त्याला ४.१० ने गुणलं की १०.१७ येतात. जुनी माणसं म्हणतात पहिला गिअर गुणिले ॲक्सल दहाच्या आसपास हवा, तो आकडा इथून येतो. माझ्या ६आर८० चा पहिला गिअर ४.१७ आहे. गुणिले ३.१५ म्हणजे १३.१४. म्हणजे कंपनीतून आलेली माझी गाडी सुटतानाच आजोबांच्या गाडीपेक्षा जास्त गिअरिंगवर आहे. त्यात ४.१० टाकला तर १७ च्या वर जातं, साध्या रस्त्याच्या टायरवर नुसती चाकं फिरणार आणि पहिला गिअर ताशी ३३ मैलांना संपणार. शिवाय ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतोच, गाडी जागची हलताना तो स्वतः टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास दुप्पट करतो, मॅन्युअलच्या क्लचला ते जमत नाही. म्हणून सुटण्यासाठी ऑटोमॅटिकला मोठा रेशो लागतो हे मला पटलं नाही, निदान ६ किंवा १० गिअरच्या नव्या गिअरबॉक्सना तरी नाही. आणि आजोबांच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा वरचा गिअर) नाही, त्यांचा वरचा गिअर १.०० चा, त्यामुळे ७० मैलांना इंजिन साडेतीन हजारांच्या वर ओरडत असतं. ते ती गाडी हायवेला नेतच नाहीत, ट्रेलरवर आणतात.

हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून गाडी गॅरेजमध्ये झाकून असते, तेव्हा हे सगळं एक्सेलमध्ये मांडायला भरपूर वेळ मिळाला. सूत्र सोपं आहे: मैलांमधला स्पीड गुणिले ॲक्सल रेशो गुणिले त्या गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. माझे टायर २३५/५० आर१८, व्यास साधारण सव्वासत्तावीस इंच. गिअर ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७, ०.६९. कन्व्हर्टर लॉक नसेल तर खरा आकडा थोडा वर जातो, एवढं धरून चालायचं.

सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांना ३.१५ वर १,८७५ आरपीएम, ३.३१ वर १,९७०, ३.५५ वर २,११५, ३.७३ वर २,२२०, ४.१० वर २,४४०. हे बघून माझा जीव भांड्यात पडला, कारण ओव्हरड्राइव्ह इतका खोल आहे की हायवेवर यातला कुठलाच आकडा भयंकर नाही. मग निर्णय कशावर घ्यायचा? मी तिसरा गिअर कुठे संपतो त्यावर घेतला. ७,००० ला लिमिटर आहे, त्यापुढे इंजिन फिरू देत नाही. ३.३१ वर तिसरा गिअर १०८ मैलांना ६,७०० वर असतो, म्हणजे पाव मैल तिसऱ्यातच पूर्ण. ३.५५ वर तिसरा १०५ ला संपतो, रेषेच्या जरा आधी चौथा पडतो. ३.७३ वर १०० ला, आणि ४.१० वर ९१ लाच. ऑटोमॅटिक शिफ्ट करताना ओढ फारशी तुटत नाही, तरी चौथ्यात गेलं की टॉर्कचा गुणाकार कमी होतोच, मोठा रेशो घेऊन जे कमावलं त्यातलं बरंचसं तिथे परत जातं.

मग ३.३१ का नाही घेतला? कारण खोलायचं काम तेवढंच, मजुरी तेवढीच, आणि फरक फक्त पाच टक्के. दुसरं म्हणजे मी पट्टीवर वर्षातून थोडीच जाते, बाकी गाडी रस्त्यावर असते. माझी खरी तक्रार होती ५० ते ६० मैलांच्या रस्त्यांवर, तिथे ३.१५ वर सहाव्यात इंजिन दीड हजारावर लोळायचं, जरा चढ आला की पाचवा, परत सहावा, परत पाचवा. सारखं तेच. ३.५५ ने ते दीडशे-दोनशे आरपीएमने वर येतं आणि गिअर धरून राहतो. फोर्डने स्वतः २०१५ च्या जीटी ऑटोमॅटिकला ३.५५ चं ऑप्शन दिलं होतं, याच ६आर८० सोबत, त्यानेही धीर आला. ३.७३ वाल्यांना मी चूक म्हणत नाही, पण त्याआधी एक करून बघा. २६ इंची ड्रॅग टायर लावलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याची चाकं उसनी घेऊन चालवून बघा, टायर लहान झाला की रेशो आपोआप वाढतो, माझ्या गाडीत ३.५५ वर २६ इंची टायर म्हणजे मूळ टायरवरच्या ३.७२ सारखं. मला उन्हाळ्यात तेच करायचंय म्हणूनही ३.५५ वर थांबले.

एक गोष्ट ऑर्डरच्या आधी कराच: आत्ता गाडीत काय आहे ते स्वतः मोजा, सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय सांगता येत नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ॲक्सल कोड असतो, पण तो कारखान्यातून निघतानाचा. मी गाडी मागून दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतली, पुढची चाकं अडवली, न्यूट्रलला टाकली, टायरवर आणि ड्राइव्हशाफ्टवर खडूने रेघ मारली, मुलीला शाफ्टकडे बघायला बसवलं आणि चाक हाताने फिरवलं. चाकाचे दहा फेरे, शाफ्टचे साडेएकतीस. ट्रॅक्शन-लॉक (मागची दोन्ही चाकं जोडून ठेवणारी यंत्रणा) असल्यामुळे दोन्ही चाकं एकत्र फिरतात म्हणून हिशोब सरळ, साधा ओपन डिफरन्शियल असेल तर एक चाक धरून ठेवून दुसऱ्याचे दुप्पट फेरे मोजावे लागतात.

मार्च २०२३ मध्ये सामान मागवलं. क्राउन-पिनियनचा सेट २६० डॉलर (८.८ इंची ॲक्सलसाठी, ३९ आणि ११ दातांचा), बेअरिंग, शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या), क्रश स्लीव्ह (नट आवळला की दबणारी नळी), सील वगैरे असलेला इन्स्टॉल किट १५० च्या आसपास, ॲक्सलची बाहेरची बेअरिंगं आणि सील १२०, ऑइल आणि फ्रिक्शन मॉडिफायर (ट्रॅक्शन-लॉकसाठी तेलात घालायचं द्रव्य) ७०. सेट बॅकऑर्डरवर (स्टॉक संपलेला) निघाला, तारीख दोनदा पुढे गेली, तेवढ्यात दुसऱ्या ब्रँडचा स्वस्त सेट लगेच मिळत होता पण आवाजाच्या भीतीने थांबले. थांबा, घाई करू नका, एकदा बसवलं की परत उघडायला तीच मजुरी पडते.

दुकान शोधणं हा सगळ्यात टेन्शनचा भाग होता. दोन ठिकाणी फोनवरच किंमत सांगितली आणि किती वेळ लागेल विचारलं तर "दुपारपर्यंत घेऊन जा" म्हणाले, तिथे मन लागलं नाही. मामाचं कोल्हापुरात ट्रकचं गॅरेज आहे, त्यांनी आयुष्यभर क्राउन-पिनियन बसवलेत, त्यांना व्हॉट्सॲपवर विचारलं. ते म्हणाले, "पोरी, पॅटर्न बघितल्याबिगर झाकण लावू देऊ नको, आणि बॅकलॅश किती ठेवला ते लिहून घे." पॅटर्न म्हणजे रंग लावून फिरवल्यावर दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा डाग, बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळी जागा. मग मी प्रत्येक दुकानात हेच दोन प्रश्न विचारले, पॅटर्नचा फोटो द्याल का आणि बॅकलॅश, प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) बिलावर लिहाल का. ज्याने लगेच हो म्हटलं, वर मागच्या गाडीचे फोटो दाखवले, त्याच्याकडे गाडी दिली. मजुरी ६०० डॉलर, इतरांपेक्षा दीडशे जास्त. मिशिगनमध्ये रिपेअर दुकान राज्याकडे रजिस्टर असावं लागतं, मेकॅनिक सर्टिफाइड हवा, लेखी एस्टिमेट द्यावं लागतं आणि काढलेले पार्ट्स परत मागायचा आपल्याला हक्क आहे. सगळं मागून घ्या, कुणी रागवत नाही. बिलात मजुरी वेगळी दाखवली असेल तर ६ टक्के सेल्स टॅक्स फक्त पार्ट्सवर लागतो.

एप्रिलच्या शेवटी गाडी दिली, आणि परवानगी काढून मी काही वेळ तिथेच उभी होते. झाकणाचे बोल्ट गंजलेले, दोन तर गरम करून काढावे लागले, इथल्या मिठाची कृपा. तेल काढून टाकलं, मधली पिन काढली, ॲक्सल आत ढकलून सी-क्लिप काढल्या, दोन्ही ॲक्सल बाहेर, मग कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग). जुन्या पिनियनखालची शिम मोजून तीच जाडी नव्याला लावून सुरुवात केली. प्रीलोडसाठी काट्याचा इंच-पाउंडवाला छोटा टॉर्क पाना, नव्या बेअरिंगला १६ ते २९ इंच-पाउंड यायला हवं, त्यांनी २२ वर आणलं, आणि ते आणताना नट अगदी थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी मोजत होते कारण क्रश स्लीव्ह एकदा जास्त दबली की टाकून नवीनच घालावी लागते. मग क्राउनच्या दातांना पिवळा रंग लावून, लाकडाने दाब देऊन फिरवलं. पहिल्या पॅटर्नमध्ये डाग दाताच्या मुळाकडे सरकलेला दिसला, म्हणजे पिनियन जास्त आत. परत सगळं बाहेर, बेअरिंग प्रेसवर काढलं, पातळ शिम, परत आत. दुसऱ्यांदा डाग दाताच्या मधोमध आला, कडा मऊ, दोन्ही बाजूंनी. बॅकलॅश दहा थाउ (इंचाचे हजारावे भाग). मामांना फोटो पाठवला, तिकडे मध्यरात्र होती तरी अंगठा आला.

यात दुसरा दिवस गेला, आणि "दुपारपर्यंत" म्हणणाऱ्यांनी ती शिम बदलली असती का हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

पुढचं काम कॉम्प्युटरचं. रेशो बदलल्यावर गाडीला ते सांगावं लागतं, नाहीतर स्पीडोमीटर साधारण साडेबारा टक्के जास्त दाखवतो, खरे ६० असताना ६७, ओडोमीटरही तसाच पळतो, आणि ऑटोमॅटिकमध्ये मुख्य म्हणजे शिफ्ट चुकीच्या जागी पडतात कारण गिअरबॉक्स स्पीड बघून ठरवतो. हँडहेल्ड प्रोग्रामर ४०० डॉलरला घेतला, त्यात ॲक्सल रेशो आणि टायरचं माप भरायचं. मग फोनच्या जीपीएसशी ताडून बघितलं, ७० ला एक मैलाचाही फरक नाही. जुन्या गाड्यांमध्ये यासाठी गिअरबॉक्सच्या शेपटातला प्लॅस्टिकचा छोटा गिअर बदलतात, तो काही डॉलरला मिळतो.

ब्रेक-इन नीट करा, कृपा करून. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची, असं काही वेळा, मग ५०० मैलांपर्यंत जोरात दाबायचं नाही, काही ओढायचं नाही, आणि ५०० ला तेल बदलायचं. ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक, ट्रॅक्शन-लॉक असल्यामुळे सोबत फ्रिक्शन मॉडिफायर. पहिल्या आठवड्यात पाय उचलला की पन्नास मैलांच्या स्पीडच्या आसपास बारीक घुंइं आवाज यायचा. झोप उडाली होती माझी, खरंच. परत दुकानात गेले, त्यांनी पैसे न घेता झाकण उघडून बॅकलॅश मोजला, तेवढाच होता, म्हणाले मैल होऊ देत. मेच्या अखेरीस तेल बदललं तेव्हा आवाज जवळपास गेला होता, खिडक्या बंद असतील तर ऐकूच येत नाही. त्या तेलात मॅग्नेटवर करड्या पेस्टसारखं बारीक काहीतरी येतं, ते नॉर्मल. बोटाला टोचणारा तुकडा आला तर लगेच दुकान गाठायचं.

जूनमध्ये परत मायलनला. १२.९, रेषेवर पुन्हा १०८. म्हणजे पट्टीवर दहावा भाग सेकंद, एवढाच, आणि चौथा गिअर रेषेच्या अगदी तोंडावर पडला, गणितात आला होता तसाच. पण रस्त्यावर गाडी वेगळीच झालीये. ४० ते ७० च्या पट्ट्यात पाय ठेवला की लगेच उत्तर, चढावर पाचवा-सहावा खेळणं थांबलं. हायवेवर गॅलनला साधारण एक मैल कमी मिळतो. सगळा खर्च टॅक्स धरून सोळाशेच्या थोडा वर.

न्यू जर्सीच्या मैत्रिणीच्या नवऱ्याने हे ऐकून त्याच्या २००० सालच्या कॅमेरोत काय टाकू विचारलं. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा अगदी वेगळं आलं. त्याचा ४एल६०-ई गिअरबॉक्स चार गिअरचा, पहिला ३.०६, मागे २.७३, गुणाकार जेमतेम ८.३५. तिथे ३.७३ ने खरोखर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, ११.४ होतं, आणि ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असल्यामुळे ७० मैलांना २,४०० वर भागतं. पण त्या ॲक्सलमध्ये २.७३ चा कॅरिअर वेगळा, ३.२३ आणि वरच्या रेशोंना दुसरा लागतो, तो खर्च आधीच धरा, आणि ॲक्सल नाजूक आहे, चिकट टायर लावून जोरात सोडायचं असेल तर त्याच पैशात दुसरा ॲक्सल बघा. उलट २०१८ नंतरची १० गिअरची मस्टँग असेल तर पहिला गिअर ४.६९६ आहे, त्याला ३.१५ ने गुणलं तरी १४.७९ येतात. माझे इतके पैसे खर्चून १४.८० आले. त्यांनी आधी टायर घ्यावेत.

आणि शेवटचं, दारावरचं स्टिकर अजूनही जुनाच कोड दाखवतं, पुढचा मेकॅनिक किंवा पुढचा मालक तेच बघून चुकीचं सामान मागवेल. मी नवीन रेशो, बॅकलॅश, शिमची जाडी आणि तारीख लिहिलेल्या बिलाची झेरॉक्स ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलीये, आणि झाकणाच्या एका बोल्टखाली ३.५५ लिहिलेला पत्र्याचा टॅग लावून घेतलाय. तुम्हीही दुकानातून निघण्याआधी तो लावून घ्या.